सोनाराच्या चिठ्ठीतला अर्धा ग्रॅम

काकू, नमस्कार. मी मालवण तालुक्यातली. सहा महिन्यांपूर्वी आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगी माझ्याकडे असते. मी घरूनच मासे साफ करून, पाकिटं भरून विकते. आता एक डीप फ्रीझर घ्यायचाय, म्हणून साखरपुड्याची अंगठी मोडायचं ठरवलं. डिसेंबर 2017 मध्ये दादरच्या एका मोठ्या दुकानातून घेतलेली, 18 कॅरेट, वर 25 सेंटचा हिरा, बिल 38 हजारांच्या आसपास, नवऱ्याच्या नावावर. बाळंतपणानंतर बोटात जाईना म्हणून इथेच एकाकडून वाढवून घेतली होती. परवा बाजारातल्या सोनाराकडे गेले. त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं: वजन 4.100, खडा वजा 0.500, टंच 70, घट 10 टक्के, भाव 22 कॅरेटचा. हिऱ्याचे पैसे मिळत नाहीत म्हणाला, हिरा मात्र तोच ठेवून घेणार. ‘वायंच घट जातलीच गो’ म्हणत आकडा सांगितला, तो ऐकून मी गप्प उठून आले. हा भाव बरोबर आहे का? मावसभाऊ म्हणतो ऑनलाइन टाक, दुप्पट मिळतील. आई म्हणते साखरपुड्याचा डाग, म्हणजे दागिना, मोडू नये, अशुभ असतं. काय करू?
– एक वाचक

गो बाय, गप्प उठलीस ते बरं केलंस, आणि चिठ्ठी घेऊन उठलीस ते त्याहून बरं. बहुतेक जणी फक्त रुपयांचा आकडा ऐकून येतात आणि मग मला विचारतात, ‘काकू, एवढेच का?’ आकड्यावरून काही सांगता येत नाही. तुझ्या चिठ्ठीवरून मात्र सगळं सांगता येतं. तिच्यातली एकेक वजाबाकी पाहिली तर कुठलीच फार मोठी वाटत नाही, त्यामुळे भांडायला जागा नाही असं वाटतं. पण त्या एकावर एक चढतात.

आधी अंगठीत चोख सोनं किती आहे ते काढू. हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये मोजतात, आणि हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. सोन्याचा कॅरेट वेगळा, तो शुद्धतेचा. दोन्हींची गल्लत करू नकोस. कॅरेटचे शंभर सेंट. म्हणजे तुझा 25 सेंटचा हिरा भरतो 0.050 ग्रॅम. सोनाराने वजा केले 0.500. दशांशचिन्ह एक घर सरकलं. चुकून की सवयीने, ते तो जाणे. आपल्याकडे लाल-हिरवे खडे, मोती, अमेरिकन डायमंड असलेले डाग मोडायला येतात, त्यात अर्धा ग्रॅम खडा निघतोही. पण अर्धा ग्रॅम वजनाचा खरा हिरा म्हणजे अडीच कॅरेटचा! तसला हिरा तुझ्या बोटात असता तर फ्रीझरसाठी अंगठी मोडायची वेळ आली नसती. 25 सेंटचा गोल हिरा साधारण चार मिलिमीटर रुंद असतो. घरी पट्टी लावून बघ, खात्री पटेल.

तर 4.100 मधून 0.050 गेले, राहिले 4.050 ग्रॅम. 18 कॅरेट म्हणजे चोवीसात अठरा, शंभरात 75. 4.050 ला 75 टक्के लावले की चोख सोनं येतं 3.037 ग्रॅम. हा आकडा हातावर लिहून ने. सोन्याचा भाव रोज हलतो, हा हलत नाही. सोनाराकडे गेल्यावर ‘किती देणार?’ असं विचारूच नकोस. ‘चोख किती धरलंत?’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला तो वाटेल तो आकडा सांगू शकतो, दुसऱ्याला त्याला हिशोबच मांडावा लागतो.

आता त्याचा हिशोब बघ. 4.100 वजा 0.500 म्हणजे 3.600. त्यावर 70 टंच, म्हणजे शंभरात 70 भाग चोख सोनं, ते आलं 2.520. त्यातून दहा टक्के घट गेली, उरले 2.268 ग्रॅम. तुझ्या अंगठीतल्या 3.037 ग्रॅम चोख सोन्यातलं पाऊण ग्रॅमहून जास्त सोनं चिठ्ठीच्या चार ओळींत नाहीसं झालं. आणि त्याच्यावर भाव लावला तोही 22 कॅरेटचा.

ही भावाची भानगड नीट समजून घे, कारण इथे शिकलीसवरलेली माणसंही फसतात. टंच लावून सोनं चोखावर आणलं, की त्याला चोखाचाच म्हणजे 24 कॅरेटचा भाव लावायचा. 22 कॅरेटच्या भावात आठ टक्क्यांच्या वर शुद्धतेची कपात आधीच झालेली असते, शंभरात 91.6 धरूनच तो काढलेला असतो. 70 टंच लावायचा आणि वर 22 चा भाव लावायचा, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा कापायचे. हिशोबाला सोपं जावं म्हणून 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. तू जाशील त्या दिवशीचा भाव घालून गुणाकार तूच कर. 22 चा मग येतो 9,160. बरोबर हिशोबाने तुझ्या सोन्याचे होतात 30,375 रुपये, आणि त्याच्या चिठ्ठीप्रमाणे 20,775. फरक 9,600 रुपयांचा. त्यात खड्याच्या वजनाचे 3,375, टंचाचे 1,800, घटीचे 2,520 आणि भावाचे 1,905. एकेक ओळ वाचताना ‘जाऊ दे’ म्हणावंसं वाटतं, बेरीज केली की एक तृतीयांश किंमत गेलेली असते. आणि हिरा फुकट, तो वेगळाच.

तरी सोनाराला एकदम चोर म्हणू नकोस. त्याची बाजूही आहे, आणि ती माहीत असली तर बोलायला सोपं जातं. आपल्याकडचा सोनार काम करतो 22 कॅरेटमध्ये. 18 कॅरेटचं सोनं त्याच्या कामाचं नाही. ते मुशीत टाकून आटवायचं, मग गलाईवाल्याकडे देऊन चोख करून घ्यायचं. (हे गलाईवाले बहुतेक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. देशातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, तिकडचा माणूस भेटणारच.) त्यात पैसे आणि दिवस जातात, आणि मधल्या काळात भाव पडला तर तो फटका सोनाराचा. म्हणून चोख सोन्याच्या किमतीतून त्याने थोडं मागे ठेवलं तर ते रास्त आहे. माझ्या मते 95 टक्क्यांच्या आसपास हातात पडले तर व्यवहार चांगला झाला. 90 च्या खाली आला की चहा पिऊन उठायचं. तुझ्या अंगठीला, 10,000 च्या भावाने, 28,500 च्या वर काहीही आलं तर देऊन टाक. 27,300 च्या खाली देऊ नकोस.

घट ही कल्पना काही खोटी नाही. डाग आटवला की खडा धरणाऱ्या नख्यांखाली अडकलेला मळ, साबण, पॉलिश जळतं, वजन किंचित उतरतं. पण एका साध्या अंगठीत दहा टक्के मळ? कारखान्यातल्या बारीक जाळीच्या, लाखभरणीच्या दागिन्यात घट मोठी निघते, तुझ्या अंगठीत एखाद-दोन टक्के समजू शकते. आणि मुद्दा असा, की डाग आटवून झाल्यावर जी गोळी उरते तिचं वजन केलं आणि तिचाच टंच काढला, तर घट त्यात आपोआप आली. मग वेगळी घट कापायचं कारण उरत नाही. तोंडी अंदाजाने दहा टक्के कापणाऱ्याला सरळ सांग, ‘माझ्यासमोर आटवा आणि गोळी वजन करा.’ तयार झाला तर माणूस बरा.

आता 70 टंच. इथे मला तुझ्या पत्रातली एक ओळ महत्त्वाची वाटली: अंगठी इथेच वाढवून घेतली. वाढवताना बहुतेक सोनार अंगठीचा खालचा भाग, तळहाताकडचा, कापतात आणि मध्ये सोन्याचा तुकडा टाकून दोन्हीकडे झाळून जोडतात. तो तुकडा कुठल्या कॅरेटचा टाकला ते त्या सोनारालाच ठाऊक, आणि जोडाचं सोनं तर मुद्दाम हलक्या टंचाचंच असतं, नाहीतर ते अंगठीच्या आधी वितळायचं नाही. बिलावर ठोक वजन, म्हणजे हिऱ्यासकट एकूण वजन, बघ. 3.980 असेल आणि आज काट्यावर 4.100 येत असेल, तर फक्त 120 मिलिग्रॅम भर पडली आहे. एवढ्याने चार ग्रॅमची अंगठी 75 वरून 70 वर येत नाही. पण कॅरेटमीटरच्या, म्हणजे टंच मोजणाऱ्या यंत्राच्या, खिडकीवर नेमका तोच जोड ठेवला तर यंत्र खुशाल 70 दाखवेल. यंत्र क्ष-किरणाने फक्त वरचा थर वाचतं. त्याला जिथे दाखवाल तिथलं सांगतं. वरच्या बाजूला, हिऱ्याच्या नख्यांपाशी, चमक यावी म्हणून पांढरं पॉलिश केलेलं असतं, तिथेही चुकीचं येतं. म्हणून रीडिंग अंगठीच्या बाजूच्या पट्टीवर घ्यायला सांग, दोन-तीन ठिकाणी, आणि दर वेळी पडद्यावरचा आकडा स्वतः वाच. हल्ली पडदा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवता येतो. वळवत नसतील तर उठून पलीकडे जा, लाजू नकोस.

अंगठीच्या आत भिंगाने बघितलंस तर बहुधा हॉलमार्क सापडेल: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, 18के750, तपासणी केंद्राची आणि दुकानाची खूण. 2017 मध्ये हॉलमार्क सक्तीचा नव्हता. सक्ती जून 2021 पासून सुरू झाली, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नसलेला डाग दुकानदाराने विकायला बंदी 1 एप्रिल 2023 पासून. त्यामुळे तुझ्या अंगठीवर एचयूआयडी नसणार, आणि ‘एचयूआयडी नाही म्हणून कमी भाव’ असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नकोस. ही बंदी दुकानदाराने विकण्यावर आहे, तू तुझा जुना डाग विकण्यावर नाही. खूण अजिबात नसेल किंवा वाढवताना खालचा भाग कापला तेव्हा तीही गेली असेल, तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त केंद्रात कोणालाही स्वतःचा डाग तपासून घेता येतो. 2022 मध्ये सरकारने जाहीर केलेला दर चार नगांपर्यंत मिळून 200 रुपये होता. केंद्राचा कागद हातात असला की 70 की 75 हा वादच संपतो.

तुझं बिल काढ आणि त्यातल्या ओळी वेगळ्या कर. त्या वेळी चोवीस कॅरेटचं सोनं दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आतबाहेर होतं. म्हणजे बिलात सोन्याचे लागले असतील जेमतेम साडेआठ-नऊ हजार. हिऱ्याचे पंचवीस हजारांच्या घरात. वर घडणावळ, आणि सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. तुमच्या सगळ्यांच्या मनात ती ‘हिऱ्याची अंगठी’ होती आणि सोनं नुसतं धरायला होतं. आता उलटं झालंय. 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, आणि बिलातली सगळ्यात लहान ओळ सगळ्यात मोठी झाली. घडणावळ आणि जीएसटी कधीच परत येत नाही, ते गेले. हिरा उतरला. तरी नुसत्या सोन्यातूनच बिलाच्या रकमेजवळ जाता येतं, आणि म्हणूनच चिठ्ठीतला तो पाव-अर्धा ग्रॅम इतका महाग आहे. 2017 मध्ये अर्ध्या ग्रॅमवर कोणी वाद घातला नसता.

हिऱ्याचं आता स्पष्टच सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. छोट्या हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा फलकावरचा भाव नसतो. दुकानदाराला तोच हिरा नवा, ठोक भावात, उधारीवर मिळतो; तुझा जुना हिरा रोख पैसे देऊन घ्यायचं त्याला कारण नसतं. त्यात प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे आले, ते दिसायला आणि घटकांनी अगदी तसेच, किंमत मात्र कितीतरी कमी. नेहमीच्या पेन्सिलसारख्या टेस्टरने दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून प्रमाणपत्र नसलेल्या हिऱ्याकडे व्यापारी संशयानेच बघतो. त्यामुळे बाहेरच्या बाजारात बिलातल्या किमतीच्या निम्मे तरी येतील असं धरून चालू नकोस.

पण शून्यही धरू नकोस! ‘मिळत नाहीत’ आणि ‘मी ठेवून घेतो’ ही दोन वाक्यं एकत्र आली की सावध व्हायचं. ज्याची किंमत नाही ते त्याला कशाला हवं? हिरा काढून कागदाच्या पुडीत तुझ्या हातात देणं हा त्याच्या पाच मिनिटांचा खेळ आहे. नख्या वर उचलायच्या, खडा सुटतो. आटवायच्या आधी काढायला सांग, हिरा आगीत घालायचा नसतो. काढल्यावर भिंगातून बघ, शक्य तर वजन करून घे, आणि पुडीवर वजन लिही.

त्या हिऱ्याला सगळ्यात बरी किंमत देण्याची शक्यता मूळ दुकानातच आहे. मोठ्या पेढ्या स्वतःच्या बिलावरचा हिरा ठरावीक टक्केवारीने परत घेतात. बदलून नवा डाग घेतला तर टक्के जास्त, रोख मागितले तर कमी, आणि तेही बिल आणि हिऱ्याचं प्रमाणपत्र असेल तर. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. फोन करून बिल नंबर सांग आणि तीन गोष्टी विचार: सोन्याला कुठला भाव, हिऱ्याला किती टक्के, आणि रोख देता का. अंगठी बाहेर वाढवून घेतली हेही आधीच सांग, काही दुकानं त्यावरून नाक मुरडतात. ते हिऱ्याला रोख चांगले देत असतील तर अंगठी अखंड तिकडेच जाऊ दे, इथे नखी उचलू नकोस. मुंबईला जाणारं घरचं विश्वासाचं कोणी असेल तर उत्तम, पण फोनवर सगळं पक्कं झाल्याशिवाय एक ग्रॅमही पाठवू नकोस. आणि दुप्पट भावाच्या नव्या डागाच्या मोहात पडू नकोस. तुला फ्रीझर हवाय.

मावसभावाच्या ऑनलाइनचं थोडक्यात. दुप्पट मिळतील हे खरं नाही. आपल्याकडे नवरदेवाला जुनी साखरपुड्याची अंगठी घेऊन जाताना मी अजून पाहिलेला नाही. आणि कोणाची, का मोडली, हे गावाला कळल्याशिवाय राहत नाही. घेणारा मिळालाच तर तो मोडीच्या हिशोबानेच बोलणार. वर फसवणूक करणारे टपलेले असतात: ‘मी सैन्यात आहे, भाव करत नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील.’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. असं कोणाचं झालंच तर 1930 वर लगेच फोन.

बिल नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून घाबरली असशील, तर तसं काही नाही. साखरपुड्यात तुला घातलेली अंगठी तुझं स्त्रीधन. 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की स्त्रीधनावर तिचाच पूर्ण हक्क, नवरा त्याचा भागीदार होत नाही. फक्त तुमच्या संमतीपत्रात दागिन्यांबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचून घे. ‘परस्परांचे दागिने परत केले’ अशी ओळ असली आणि ही अंगठी तिच्यात मोडत असली तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकिलाला विचार. चोरीचा माल घेतला की सोनारही अडकतो, त्यामुळे तो कागद मागणारच. आधार, पॅन, बिल आणि घटस्फोटाच्या हुकुमाची झेरॉक्स जवळ ठेव. कागद न मागता घाईने पैसे मोजणाऱ्यापेक्षा मागणारा बरा.

पैसे बँकेत घे. दहा हजारांच्या वर रोख दिले तर दुकानदाराला तो खर्च करात दाखवता येत नाही, म्हणून तोही खात्यावरच देईल. ‘सगळे रोख देतो, थोडे कमी घे’ म्हणाला तर नको म्हण. आणि कोणी जीएसटी कापतो म्हणालं, तर तो तुला लागूच नाही. घरगुती माणसाने जुना डाग विकला की त्याच्यावर जीएसटी नसतो. खरेदीची पावती माग: वजन, टंच, भाव, रक्कम, तारीख. प्राप्तिकराच्या दृष्टीने दोन वर्षांवर जवळ असलेला डाग विकून जो नफा होतो तो दीर्घ मुदतीचा, त्यावर साडेबारा टक्के. पण तुझं वर्षाचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर काही भरावं लागणार नाही. पावती मात्र सांभाळ.

आईचं काय करायचं? तिला समजावत बसू नकोस. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा किती घरांतल्या पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत जातात आणि सुरमईबरोबर परत येतात, ते तिने तुझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तेव्हा कोणी शुभ-अशुभ काढत नाही. तिला अंगठीपेक्षा गावातली बोलणी टोचतायत. गावच्या बाजारात न मोडता बाहेर मोडलीस तर तिचं अर्धं दुखणं जाईल. तारण ठेवायची म्हणत असेल, तर ती सोय इथे फारशी उपयोगाची नाही: सोनेतारणात हिऱ्याचे पैसे धरत नाहीत, 18 कॅरेटची एकच अंगठी घ्यायला अनेक संस्था कुरकुरतात, आणि व्याज चालू राहतं. जी वस्तू परत बोटात घालायची नाही ती सोडवून आणायला व्याज कशाला भरायचं?

तर आधी दादरला फोन. मग त्याच सोनाराकडे परत जा, दुसऱ्याकडे जायच्या आधी. अंगठी कोमट साबणपाण्यात घासून, वाळवून ने. काटा शून्यावर आहे ना ते बघ, वरचा पंखा बंद करायला सांग, मिलिग्रॅमचा काटा वाऱ्याने हलतो. काट्यावर वैधमापनचा शिक्का असतो, तोही नजरेखालून घाल. त्याला म्हण, ‘खडा पाच सेंटिग्रॅमचाय, पन्नासचा नाही. टंच पट्टीवर बघूया. आटवलंत तर वेगळी घट नको. भाव चोखाचा लावा.’ आवाज चढवू नकोस. इतकं नेमकं बोलणारं गिऱ्हाईक समोर आलं की चिठ्ठी बरेचदा आपोआप दुरुस्त होते. त्या दिवशीचा भाव मोबाइलवर आधीच बघून जा. सराफांच्या अखिल भारतीय संघटनेचा, आयबीजेएचा दर रोज दोनदा जाहीर होतो, त्यात 999 आणि 750 दोन्ही शुद्धतेचे आकडे असतात आणि जीएसटी नसतो. विकणाऱ्याला तोच जवळचा. दुकानाच्या फळ्यावरचा भाव गिऱ्हाइकाला विकायचा असतो, त्यावर अडून बसू नकोस.

एवढं करूनही तो 90 टक्क्यांच्या खालीच राहिला, तर कणकवलीहून फोंडा घाट चढून कोल्हापूरला जा. अंबाबाईच्या देवळाजवळ गुजरीत सराफांची दुकानं एकाला लागून एक आहेत, आटवणारेही आसपासच, आणि 18 कॅरेट बघून तिथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. दोन-तीन ठिकाणी टंच काढून घे, कोणी आग्रह केला म्हणून पहिल्याच दुकानात बसू नकोस. अंगठी काउंटरच्या आतल्या खोलीत नेऊ देऊ नकोस. न्यायचीच असेल तर तूही मागोमाग जा. सोबत कोणाला तरी घे, आईलाच घे, तिचं देवदर्शनही होईल. एसटीत दोघींनाही अर्धंच तिकीट. सकाळच्या पहिल्या गाडीने निघ, म्हणजे बँक बंद व्हायच्या आत पैसे खात्यावर आलेले तिथेच बघता येतील, आणि मेसेज आल्याशिवाय गोळी हातातून सोडायची नाही.